जमनाचा रिपोर्ट चांगला आला

मी संशयी बाई आहे आणि मला पगार त्याचाच मिळतो. तलासरीच्या बाहेर, हायवे सोडून आत वळलं की आमची लॅब लागते. इथे कोंबड्यांच्या फ्लूची लस बनते. अंड्यांमध्ये विषाणू वाढवायचा, अंड्याचं टोक कापून आतलं पाणी सिरिंजने ओढून घ्यायचं आणि मग तो विषाणू मारून लस करायची. मारायच्या आधी तो जिवंत असतो. हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं आणि दुपारच्या जेवणापर्यंत सगळे विसरलेले असतात. विसरू न देणं हे माझं काम. कोणाच्या बोटात सुई गेली, कोणाच्या डोळ्यात थेंब उडाला ते हुडकून काढायचं, डोळा धुवायचा, नाकातला स्वॅब घ्यायचा, गोळ्या सुरू करायच्या आणि त्या माणसाला मागच्या खोलीत वेगळं ठेवायचं. पाठीमागे मला पोलीसबाई म्हणतात. तोंडावर रविना मॅडम.

हा विषाणू कोंबडीला लोळवतो. माणसाला बहुतेक वेळा नुसता ताप, खोकला, लाल डोळा. पण लहान मुलाला किंवा दमेकरी म्हाताऱ्याला तो कसा लागेल हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही, म्हणून त्याला आमच्या दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही. एवढी एकच गोष्ट मी नोकरीत मनापासून मानते. बाकी साहेबांच्या मीटिंगा वगैरे मी झोप काढायला वापरते.

तर मे महिन्यातल्या एका सकाळी अंड्यांच्या खोलीतून जमना बाहेर आली. हात वर, मोजे घातलेले, मास्क नाकावर. म्हणाली, “मॅडम, माझ्या डोल्यात उडाला.”

मला आधी पटलंच नाही. मे महिना म्हणजे लग्नांचा महिना. त्या दिवसांत आमच्या बायका बोट कापलं तरी फडकं गुंडाळून हसत बसतात, कारण मागच्या खोलीत अडकलं की लग्न गेलं. आणि जमनाच्या तर पोराचंच लग्न होतं, त्याच आठवड्यात. दिपकचं. आमंत्रण द्यायला ती माझ्या मसोलीच्या घरी आली होती, चिकूंची पिशवी घेऊन.

“चष्मा कुठे होता?” मी विचारलं.

“घामानं धुका धरला. वर केला व्हता.”

“कुठला डोळा?”

ती थांबली. जरा विचार केला आणि म्हणाली, “उजवा.”

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. डोळ्यात काही उडालं तर माणूस विचार करत बसत नाही, त्याचा हात आपोआप त्या डोळ्याकडे जातो. पण मी स्वतःलाच दटावलं. बाई आपल्या घरचं लग्न सोडून खरं सांगायला आलीय आणि तुला त्यातही खोट दिसते! मी तिचा डोळा धुतला, स्वॅब घेतला, रक्त घेतलं, तिला मागच्या खोलीत नेलं. मग सगळ्या बायकांना गोळा करून भाषण ठोकलं. म्हटलं, शिका काहीतरी जमनाकडून, असं असतं कामावरचं इमान. सगळ्या जमिनीकडे बघत होत्या. सुकी तेवढी तिथे नव्हती. ती बेसिनपाशी तोंड धूत होती, आणि बराच वेळ धूत होती. मग पोटात दुखतं म्हणून रजा मागून घरी गेली.

सुकी म्हणजे आमची गाणारी. अंडी कापतानाही हळू आवाजात गुणगुणायची. आमच्या पूर्वेकडच्या पाड्यांवर लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. धवलेरी म्हणजे लग्नाची जुनी गाणी येणारी बाई. भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहितात, त्यापुढे बसून ती गाते, आणि तिचं गाणं पुरं झालं की लग्न लागलं. गंजाडच्या आसपासच्या पाड्यांना सुकीच लागायची. एका मांडवात दोन-दोन, तीन-तीन जोडपी एकदम उरकायची. दिपकच्या मांडवातही तीन होती. दिपक आणि प्रगती तर कधीचे एकत्र नांदत होते, त्यांचा पोर अंगणात धावायला लागला होता. लग्न तेवढं राहिलेलं. आमच्या भागात यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

मागच्या खोलीत जमना गप्प बसून असायची. रडणं नाही, कुरकुर नाही. मुलाच्या हळदीला आई नसणार आणि ही बाई भिंतीला टेकून खिडकीबाहेर बघतेय! मी दुसरी कोणी असते तर तिच्या धीराचं कौतुक केलं असतं. मी तिच्यावर पाळत ठेवली.

दुपारी तिचा नवरा पांड्या मोटरसायकलवरून डबा घेऊन यायचा, आधीचा डबा परत न्यायचा. मी तिला जेवणाबरोबर गोळी द्यायचे. एकदा व्हरांड्यातून खिडकीच्या कडेने बघितलं, तर जमनाने गोळी तोंडाकडे नेली, पाणी प्यायली आणि मूठ डब्यात उघडली. वर भाकरीचा तुकडा ठेवून डबा बंद केला.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतकी इमानदार बाई आणि गोळी टाकून देते! मला वाटलं, घाबरली असेल, कोणीतरी सांगितलं असेल की ही गोळी गरम पडते. मी आत गेले नाही, काही बोललेही नाही. पण त्या संध्याकाळपासून तिच्यासमोर उभी राहायला लागले. गोळी तोंडात टाक. पाणी पी. आता तोंड उघड. जीभ वर कर. माझ्या धाकट्या भावालाही मी कधी असं वागवलं नव्हतं.

“मॅडम, एक हातात द्या ना,” ती म्हणाली. “रातीला घेन.”

“रात्रीची रात्री मिळेल.”

“डब्याच्या वेलेला दोन द्या.”

“जमना, मी काय आज आले का इथे?”

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मलाच कसंतरी झालं. पण गोळी तिच्या पोटात गेली होती, म्हणजे माझं काम झालं होतं. मी खूश होते.

मग मुंबईहून रिपोर्ट आला. निगेटिव्ह. रक्तातही काही नाही. खरं सांगते, मला आनंद झाला. मी फाटकापाशी गेले तर पांड्या नुकताच येत होता. म्हटलं, “रिपोर्ट चांगला आलाय. घरी सांगा, काळजीचं कारण नाही.”

त्याने मोटरसायकल बंदसुद्धा केली नाही. “म्हंजे त्या थेंबानं काय झाला नाय?”

“काही झालं नाही.”

“नक्की?”

“अहो, कागद आलाय.”

तो इतका हरखला की गाडी तिथल्या तिथे वळवली आणि गेला. डबा हँडलला लटकत तसाच परत गेला. मला हसू आलं. मी जमनाकडे गेले आणि दारातूनच म्हटलं, “जमना, तुझा रिपोर्ट चांगला आलाय. डॉक्टरांना विचारते, हळदीला नाही पण लग्नाला कदाचित सोडतील.”

तिचा चेहरा उतरला. चांगली बातमी ऐकून माणसाचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा बघत होते.

“कोनाला सांगितला?” तिने विचारलं.

“तुझ्या नवऱ्याला. आत्ताच. डबा न देताच पळाला बघ.”

जमना खाली बसली. कपाळाला हात लावून बसली. “अरे देवा,” म्हणाली, “आता ती मांडवात येल.”

“कोण येईल?”

मी आत जाऊन तिच्यासमोर बसले. कुठेतरी पाणी मुरतंय हे पहिल्या दिवसापासून मला कळत होतं, आता ते माझ्या पायाखाली आलं होतं. “जमना, कोण येईल?”

“माझा डोला नाय, मॅडम. सुकीचा. अंडा फुटला तो सुकीच्या हातात. मी बाजूला व्हती.”

आणि मग तिने सगळं सांगितलं, थांबून थांबून. सुकीने तिथल्या तिथे डोळा धुतला होता. ती बाहेर येऊन मला सांगणारच होती. जमनाने तिला धरलं. मांडवात तीन नवऱ्या, पावण्यांना निरोप गेलेले, दुसरी धवलेरी या दिवसांत मिळायची नाही. आणि सांगितलं नाही तर गोळ्या कुठून आणायच्या? म्हणून जमना बाहेर आली, सुकीच्या जागी.

“लग्नाला आई नसली तं काकी उभी ऱ्हाते,” जमना म्हणाली. “धवलेरी नसली तं कोन उभा ऱ्हाल?”

सुकी घरी गेलीच नव्हती. वाडीतल्या खोपटीत एकटी राहत होती, आपलं आपण शिजवून खात होती, कोणाला जवळ येऊ देत नव्हती. पांड्या डब्यातली गोळी काढून खोपटीच्या बाहेर दगडावर ठेवायचा. दोघींनी ठरवलं होतं, रिपोर्ट चांगला आला तरच सुकीने मांडवात बसायचं. वाईट आला तर जमनाने मला सगळं सांगून टाकायचं.

“अगं पण स्वॅब तुझ्या नाकातला घेतला ना मी!”

“तेच तं,” ती म्हणाली. “आमाला वाटला, जो थेंब उडाला त्याचाच रिपोर्ट येल. सुकी तसाच समजली, मीपन तसाच समजली. काल निजताना ध्यानात आला, नाक तं माझा घेतला. आज ह्याला डब्याच्या वेलेला सांगनार व्हती. तो आलाच नाय आत.”

“आणि गोळ्या?”

“तुमी तोंड उघडायला लावला तवापासून तिला नाय भेटली.”

मला तिच्या मुस्काटात द्यावीशी वाटली, आणि लगेच स्वतःच्याही. ज्या बाईला काही झालं नव्हतं तिच्या पोटात मी उभी राहून गोळ्या घातल्या होत्या आणि जिला हव्या होत्या तिच्या बंद केल्या होत्या. पांड्याला फोन लावला. वाजत राहिला. दिपकला लावला, त्याने उचललाच नाही. हळदीच्या घरात गाण्यांचे मोठे बॉक्स लावलेले असतात, तिथे फोन कोणाला ऐकू येणार?

आमच्या लॅबच्या डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, आधी सुकीला मांडवातून बाहेर काढा, जवळ बसलेल्या सगळ्यांना उद्या तपासू. मी जमनाला जीपमध्ये मागे बसवलं. मी मास्क लावला, माझी आणि ड्रायव्हरची खिडकी उघडी ठेवली. चारोटीपर्यंत मी तिचंच बोलणं पुन्हा पुन्हा आठवत होते, सगळं जुळत होतं. आणि तरीसुद्धा, लाज वाटते सांगायला, पण माझ्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. ही खरं बोलतेय कशावरून? आता रिपोर्ट चांगला आलाय, लग्न उद्यावर आलंय. सुकीचं नाव घेऊन ही स्वतःला सोडवून तर घेत नाही? मी आरशात तिच्याकडे बघितलं. ती बाहेर बघत होती.

“आमाला काढतील काय कामावरून?” तिने विचारलं.

“खोटं बोललात. विचारणा होणारच,” मी म्हटलं. तिला उगीच बरं वाटेल असं बोलणं मला जमलं नाही.

गंजाडच्या आत पाड्यावर पोचलो तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. अंगणात जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, बॉक्सवर गाणी, पोरांचा गोंधळ. मांडवाला लागून घराची शेणाने सारवलेली भिंत, तिच्यावर बायका तांदळाच्या पिठाने चौक लिहीत होत्या. अर्धा झाला होता. आणि चौकासमोर पाटावर सुकी बसलेली, डोळ्यांवर काळा गॉगल. नवरदेवाच्या मित्रांचा असतो तसला, कडेला सोनेरी पट्टी. पोरं तिच्याकडे बघून खिदळत होती. तिचा गाणारा आवाज मात्र घोगरा येत होता.

मी जीपमधून उडी मारली. जमनाने मागून माझा दंड धरला. “तुमी नका बोलू.”

“जमना, एकेक मिनिट...”

“तुमी बोलाल तं ती उठल. पन मंग याच्यानंतर तुमाला कोन काय सांगनार नाय. मी बोलते. माझा पोरगा आहे.”

ती कुंपणाच्या आत गेली. बॉक्स बंद करायला सांगितलं. आई आली म्हणून दिपक हळदीच्या अंगाने उठला, तिने त्याला हातानेच थांबवलं. आणि मांडवाच्या तोंडाशी उभी राहून तिने सगळ्यांसमोर सांगितलं. डोळ्यात उडालं ते सुकीच्या. आजार कोंबड्यांचा आहे, पण माणसाला लागतो. चांगला आला तो रिपोर्ट माझा, सुकीचा नाही. सुकीने आता इथून उठायला पाहिजे.

पांड्या तिच्या अंगावर धावून आला. “येडी झालीस काय? तुझ्याच पोराचा मांडव मोडते?”

जमना सुकीकडे बघत होती. सुकीने गॉगल काढला. उजवा डोळा सुजून लालभडक झाला होता. समोरच्या बायका पटापट मागे सरकल्या.

“चांगला आला म्हनला ना?” सुकी म्हणाली. “पांड्यानंच सांगितला.”

“तो माझा गं. नाक माझा व्हता.”

आता सुकीला उमगलं. तिने पदर तोंडावर घेतला, कोणालाही न शिवता उठली आणि भिंतीच्या कडेकडेने बाहेर आली. मी नवा मास्क पुढे केला, तो तिने लावला. जीपपाशी जाऊन ती वळली आणि ओरडून म्हणाली, “चौक झाका. कोनी पुढं लिहू नका. मी आली का मंग गाऊ.”

प्रगतीकडची म्हातारी बुधीबाई खाटेवर बसली होती. तिने मला विचारलं, सुकी बरी व्हायला किती लागतील. मी म्हटलं, आठ-दहा दिवस तरी जातील, आणि जे तिच्याजवळ बसले होते त्यांनीही तोवर कुठे जायचं नाही.

“पोर चालाय लागला तवर थांबली,” बुधीबाई म्हणाली. “अजून थोडा थांबतील.”

कोणीतरी हसलं. मला वाटलं, सुटलो. मी जवळ बसलेल्यांना एका बाजूला यायला सांगितलं आणि एरवी ज्यांच्या तोंडातून एक शब्द काढायला मला घाम फुटतो ती माणसं स्वतःहून बाजूला झाली.

पण जमना दिपककडे जायला निघाली आणि मांडव फाटल्यासारखा दोन्हीकडे सरकला. तिचा नातू बाहेरच्या ओट्यावर होता. तो आजीला बघून धावत सुटला. प्रगतीने त्याला दंडाला धरून मागे ओढला.

“आई, थांबा,” ती म्हणाली. “तिथंच थांबा.”

“मना काय नाय गं झाला.”

“तुमीपन त्या अंड्यांच्या खोलीत व्हत्या.”

मी पुढे झाले. म्हटलं, “हिला काही नाही. हिचा रिपोर्ट चांगला आहे.”

मागून एक बाप्या म्हणाला, “दुपारीपन चांगलाच व्हता ना रिपोर्ट?”

यावर सगळा मांडव हसला, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं. जमना अंगणाच्या मधोमध उभी होती. तिने पोराच्या लग्नासाठी स्वतःला कोंडून घेतलं होतं आणि पोराच्या लग्नापायीच सगळ्यांसमोर तोंड उघडलं होतं. आता घरचे लोक तिच्याकडे ज्या नजरेने बघत होते ती नजर मी चांगली ओळखत होते. ती माझीच होती. जीपमधला तो किडा अजून पुरता मेला नव्हता. सुकीचा डोळा मी बघितला होता. पण दोघींच्या डोळ्यांत उडालं नसेल कशावरून? एकदा खोटं बोललेल्या बाईचा शब्द तेवढा माझ्याकडे होता. कागद होता, पण कागदाची काय किंमत उरली होती ते मी आत्ताच ऐकलं होतं.

“जमना,” मी म्हटलं, “तुझ्या डोळ्यात उडालं होतं?”

“नाय, मॅडम.”

“एकही थेंब?”

“नाय.”

मी ओट्यावरचा पाण्याचा तांब्या उचलला आणि तिच्या हातात दिला. म्हटलं, पी. ती आमच्याकडे पितात तशी वरून प्यायला लागली. मी म्हटलं, “तोंड लावून पी.” तिला कळेना. मग ती तांब्याला तोंड लावून प्यायली. मी मास्क काढला, तिच्या हातातून तांब्या घेतला, आणि जिथे तिचे ओठ लागले होते तिथेच तोंड लावून उरलेलं पाणी प्यायले. पाणी हनुवटीवरून खाली सांडलं.

सगळे माझ्याकडे बघत होते, आता हिला काही होतंय का म्हणून. जमनाने पदराने तोंड पुसलं आणि ती जिथे उभी होती तिथेच खाली बसली, हात पुढे करून. प्रगती माझ्याकडे बघत राहिली, मग जमनाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मग तिने पोराचा दंड सोडला.